बर्फावरचं नाणं

“फ्रीज कुणी उघडला? खरं सांगा!”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, पण दीपालीला डोळे उघडायचाही कंटाळा आला होता. मे महिना. चार वाजून गेले तरी ऊन हटायचं नाव घेत नव्हतं. आष्ट्याजवळच्या त्या मळ्यातल्या घरात माणसं, मांजर, म्हैस सगळी जिथं सावली सापडेल तिथं आडवी झाली होती. सुट्टीत काय काय करायचं याची भलीमोठी यादी दीपालीनं हौसेनं केली होती. तीन आठवडे झाले, यादी पहिल्या ओळीवरच अडली होती. एवढ्या उन्हात हौस तरी किती टिकणार!

“मी न्हाई!” फरशीवर पालथा पडलेला भरतेश पडल्या पडल्याच ओरडला. तो दहा वर्षांचा होता आणि ताईपेक्षा दोन वर्षांनी लहान असल्याचा पुरेपूर फायदा घ्यायचा. “ताईनं उघडला!”

“मी? मी तर हितनं हलले पण न्हाई!”

“मग दूध काय आपोआप नासलं व्हय?” आई, म्हणजे कस्तुरी, पातेलं घेऊन दारात उभी राहिली. “आन् बर्फाचा ट्रे बघा, नुसतं पाणी! दिवसभर दार उघडून गार हवा खात बसायचं आन् वर न्हाई म्हणायचं!”

तेवढ्यात अप्पा आत आले. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सोडून त्यांनी घाम पुसला आणि भिंतीला टेकून बसले.

“परत बिघडला? पंधरा दिवसांपूर्वीच त्या फ्रीजवाल्या विश्वजीतनं गॅस भरलाय. एक आठवडा बरा, एक आठवडा आजारी! बास झालं आता. बुधवारी त्याला टेम्पो घेऊन बोलावतो. जुना घेऊन जाऊ दे, नवा आठ दिवसांनी येईल.”

“आठ दिवस?” दारातून किंचाळी आली. “काकू, मग झोयाआपाच्या कोनांचं काय?”

ही अल्फिया. पलीकडच्या मळ्यातल्या बशीरचाचांची मुलगी, तेरा वर्षांची, आणि या तिघांच्या टोळीची बिनविरोध पुढारी. तिच्या घरी फ्रीज नव्हता. त्यामुळे तिची मोठी बहीण झोया घरी पाला वाटून मेंदीचे जे कोन करायची, ते दीपालीच्या फ्रीजरमध्ये राहायचे. मेंदी गोठलेली राहिली तर रंग टिकतो. वितळली आणि उकाड्यात तशीच पडून राहिली, की रंग मरतो.

आणि तसंच झालं होतं! पंधरा दिवसांपूर्वी झोयाचे चाळीस कोन असेच वितळले आणि रात्री पुन्हा गोठले. कुणाला पत्ताच लागला नाही. नवरीच्या हातावर सकाळी पाण्यासारख्या पांचट चहाचा रंग! नवरीच्या मावशीनं भर मांडवात झोयाला नको नको ते ऐकवलं. दोन दिवस झोया जेवली नव्हती. आता शुक्रवारी कऱ्हाडच्या एका लग्नाचं काम होतं. “ह्या खेपेला रंग न्हाई चढला, तर परत कोन हातात धरणार न्हाई,” असं तिनं सांगून टाकलं होतं. उद्या संध्याकाळी कोन तयार होणार होते, आणि परवा फ्रीज टेम्पोत चढणार होता.

“काय करू बाई?” आई दमल्या आवाजात म्हणाली. “बिघडलेल्या फ्रीजमध्ये ठेवले काय आन् चुलीपाशी ठेवले काय, एकच की!”

तिघं आंब्याखाली जमली. तिथंही झळा लागत होत्या.

“आपणच शोधायचं काय बिघडलंय ते,” अल्फियानं जाहीर केलं.

“आपण?” भरतेशचे डोळे विस्फारले. “स्क्रू ड्रायव्हर आणू?”

“हात तोडीन! स्क्रू खोलायचा न्हाई, वायरीला शिवायचं न्हाई. नुसतं नीट बघायचं. विश्वजीतदादानं तरी काय केलं? मागनं दोनदा ठोकलं आन् चहा पिऊन गेला!”

“पण आधी एक गोष्ट शाबीत करायची,” दीपाली म्हणाली. तिला आईचं बोलणं लागलं होतं. “आमी दार उघडं ठेवत न्हाई!”

त्या संध्याकाळी टोळीनं फ्रीजला अक्षरशः घेरलं. आईनं आधी बटण बंद करून पिन काढली, मग चौघांनी ओढून फ्रीज भिंतीपासून हातभर पुढं आणला. मागच्या जाळीवर धुळीची गोधडीच पांघरलेली! आईनं केरसुणीनं ती झाडली. धुळीतून भरतेशची दोन वर्षांपूर्वी हरवलेली शिट्टी निघाली आणि पुढचा अर्धा तास सगळ्यांना तिचा पश्चात्ताप झाला. मग दाराच्या रबराची पाळी. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अलगद सुटली तर रबर ढिलं. चारही बाजूंनी पट्टी घट्ट अडकली.

“रबर ठणठणीत!” दीपालीनं वहीत लिहिलं. “आतला दिवा लागतोय. जाळी साफ. मागं जागा मोकळी.”

“मग बिघडलंय काय?” भरतेशनं विचारलं.

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आईनं हाक मारली, कारण सूर्य कलला होता. दीपालीच्या घरी जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. एकदा दिवे लागले की अप्पा पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसत. गेल्या महिन्यापर्यंत त्यांचे हाल बघवत नव्हते. मोटरीला लागणारी थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात ते सहाला जेवून, बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला जायचे, ते उजाडल्यावर लाल डोळ्यांनी परतायचे. एकदा तर ताटावरच डुलकी लागून त्यांचं कपाळ भातात टेकलं होतं! या महिन्यात मात्र अप्पा रात्री घरी झोपत होते. कसं, ते दीपालीनं विचारलं नव्हतं. त्यांचं घोरणं ऐकून तिला इतकं बरं वाटायचं, की विचारायचं सुचलंच नाही.

जेवताना तिला एकदम आठवलं. “विट्याची मावशी!”

“ती येणार हाय?” आईनं दचकून विचारलं. पाहुण्यांचं करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

“न्हाई गं! तिची युक्ती!”

मावशीच्या यजमानांचं दूर तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान होतं आणि विट्याचं घर महिनोन् महिने बंद असायचं. मागं वीज जाऊन फ्रीजमधलं वितळलं होतं का, हे परत आल्यावर कळणार कसं? मावशी पेलाभर पाण्याचा बर्फ करायची आणि त्यावर एक नाणं ठेवून जायची. आल्यावर नाणं वरच असलं तर सगळं ठीक. नाणं तळाला गेलेलं दिसलं, की मधे बर्फ वितळला होता आणि पुन्हा गोठला.

रात्रभर फ्रीज शहाण्यासारखा चालला. मंगळवारी सकाळी पेल्यातल्या घट्ट बर्फावर दीपालीनं रुपया ठेवला. मग अल्फियानं दारावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिघांनी तिच्यावर सह्या केल्या.

“संध्याकाळपर्यंत फ्रीज बंद! कुणी उघडला तर पट्टी फाटणार!”

“बरं बाई,” आई म्हणाली. “तेवढंच एक उठणं कमी.” आणि ती ओल्या फडक्यानं दुधाचं पातेलं गुंडाळायला लागली.

मग सुरू झाला पहारा. साहस म्हटलं की दऱ्या, भुयारं असलं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. इथं एका फ्रीजसमोर बसून घाम पुसायचा होता. दहा वाजले, अकरा वाजले. फ्रीज गुरगुरत होता. बारा वाजता भरतेश बसल्या बसल्या झोपला. एक वाजून गेला आणि दीपालीच्याही पापण्या जड झाल्या.

घुंऽऽऽ... टिक!

दीपाली ताठ झाली. फ्रीजमधून घरघर सुरू झाल्यासारखी वाटली आणि टिक करून थांबली. पाच मिनिटं सामसूम. पुन्हा घुंऽऽ... टिक!

“अल्फिया! ऐकलंस?”

“ऐकलं! आन् वर बघ!”

छताचा पंखा दमलेल्या माणसासारखा एकेक पातं उचलत होता. शेजारच्या खोलीतला बल्ब पिवळट झाला होता.

“फ्रीज बिघडलेलाच न्हाई!” अल्फिया ओरडली. “विजेतच दम न्हाई! तो उठायला बघतोय आन् त्याला उठवत न्हाई!”

“माझ्यागत,” भरतेश डोळे चोळत म्हणाला.

पावणेचारला पंखा अचानक पळायला लागला. थोड्या वेळानं फ्रीजही गुरगुरू लागला, आणि या वेळी टिक झालं नाही. संध्याकाळी आईसमोर पट्टी तपासली. तिन्ही सह्या शाबूत! फ्रीजर उघडला, तर पेल्यात पाणी आणि रुपया तळाशी.

आईनं पेला उचलून उजेडात धरला. “उगीच बोलले मी तुमाला,” ती हळूच म्हणाली.

दीपालीची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. आई तिथं दूध नासलेल्या तारखांवर फुली मारायची आणि अप्पा थ्री फेज रात्री असलेल्या आठवड्यावर गोल काढायचे. या महिन्यातल्या सगळ्या फुल्या गोलांच्या आत होत्या!

“पण एप्रिलातही गोल हायत की,” भरतेश म्हणाला. “तवा फुल्या का न्हाईत?”

प्रश्न बिनतोड होता. ज्या आठवड्यात थ्री फेज रात्री, त्या आठवड्यात दिवसा कुणाचीच मोटर चालायला नको. मग मोटरीएवढी वीज भर दुपारी ओढतंय कोण? आणि तेही याच महिन्यापासून?

तेवढ्यात झोया आली. परातीत तीस कोन नीट रचलेले, बोटं हिरवीगार, डोळे जागरणानं सुजलेले. “काकू, ठेवू ना?” तिनं घाबरत विचारलं. आईनं लगेच फ्रीजर उघडला. दीपालीनं पेल्यातला रुपया काढून घेतला. रात्रीत बर्फ झाला, की सकाळी तो पुन्हा वर ठेवायचा होता.

बुधवारी दुपारी एक वाजता पंखा मंदावला आणि दीपाली, अल्फिया चालू मोटर शोधायला उन्हात धावत सुटल्या. भरतेशला आईच्या मोबाइलसह फ्रीजपाशी बसवलं होतं.

“आमच्या अब्बांची मोटर असली तर?” अल्फियानं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

पण बशीरचाचांच्या मोटरीच्या खोलीला कुलूप होतं आणि आत शांतता. चाचा बाहेर बाजेवर आडवे, रात्रभर पाणी देऊन दमलेले. दोघी पुढं गेल्या. मग दीपालीला पाण्याचा आवाज आला. झुळझुळ, झुळझुळ. तिच्या पायांखालचा पाट वाहत होता. तिच्याच घरचा पाट!

उसाच्या कडेला अप्पा खोरं घेऊन पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत होते. मोटरीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. स्टार्टरशेजारी एक नवी पत्र्याची पेटी बसवलेली, घुमत असलेली. अशी पेटी दीपालीनं गावात बघितली होती. कंडेन्सरची पेटी. घरच्या दिव्यापंख्यांपुरती येणारी सिंगल फेज वीज ओढून ती थ्री फेजची मोटर चालवते. चोरून बसवायची, वायरमन येताना दिसला की झाकायची.

म्हणजे फ्रीजचा आजार अप्पांनीच घरी आणला होता! आणि फ्रीजला सगळ्यात जास्त शिव्याही तेच देत होते!

दीपाली तिथंच बांधावर थांबली. तिला रडू आलं. सांगितलं, तर अप्पा पुन्हा रात्री काठी घेऊन निघणार. नाही सांगितलं, तर या क्षणी झोयाचे तीस कोन वितळायला लागले होते.

“मी सांगू?” अल्फियानं हळू आवाजात विचारलं.

“नको. माझे अप्पा हायत.”

तिच्याकडं मोबाइल नव्हता, म्हणून तिनं अप्पांकडंच त्यांचा मागितला. “अप्पा, एक गंमत ऐका,” ती म्हणाली आणि आईच्या नंबरावर फोन लावून स्पीकर चालू केला. “भरत्या, काय चाललंय?”

“विश्वजीतदादा आलाय टेम्पो घेऊन! फ्रीज परत घुंऽऽ टिक करतोय! तो म्हणतोय कॉम्प्रेसर गेला, उचला!”

“त्याला म्हणावं पाच मिनिटं थांब! अप्पा, मोटर बंद करा.”

“काय? अगं, पाणी चालू हाय...”

“पाचच मिनिटं! मग परत लावा. मी काय न्हाई म्हणणार.”

अप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग अल्फियाकडं. खोरं टाकलं, आत गेले आणि लाल बटण दाबलं. पाटातलं पाणी हळूहळू बसलं.

“पंखा पळाला!” फोनमधून भरतेशची किंकाळी आली. “ताई, पंखा पळाला! बल्ब पांढरा झाला!”

“आन् फ्रीज?”

“गप हाय...”

“तापलाय तो,” मागून विश्वजीतचा आवाज आला. आता त्याच्या आवाजात पहिला तोरा नव्हता. “गार झाला की उठंल. वहिनी, व्होल्टेज कमी येतंय हे आधी सांगायचं न्हाई का?”

“तुमी विचारलंच न्हाई!” आई कडाडली. “मागच्या खेपेला सकाळी आलासा, चहा प्यालासा आन् गेलासा!”

मिनिटं सरता सरत नव्हती. दीपाली फोन दोन्ही हातांत धरून उभी होती. अप्पा उंबऱ्यावर बसले होते.

घुर्रर्रर्र...

“चालू झाला!” भरतेश बोंबलला. “टिक न्हाई! टिक न्हाई! रुपया पण वरच हाय, नुसता कडेनं ओला झालाय!”

अल्फियानं दीपालीला मिठीच मारली. अप्पांनी मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“म्हंजी त्या पोरीची मेंदी मीच घालवली. आन् बोलणी तुमा पोरांनी खाल्ली. लय दमलो होतो गं. रात्र रात्र जागून डोस्कं चालंना झालं होतं. एक जण म्हणाला, पेटी बसवा, निवांत झोपा. बसवली.”

“पेटी ठेवा म्हणत न्हाई मी,” दीपाली रडत म्हणाली. “काढाच. पण तुमी रोज रात्री जायचं न्हाई. अप्पा, पाट शेजारी-शेजारी, विहिरी शेजारी-शेजारी. चाचा रोज रात्री जागतात, तुमी पण जागणार. दोघांनी कशाला जागायचं? एक रात्र चाचांनी दोन्ही मळ्यांची दारं धरून पाणी द्यायचं, एक रात्र तुमी!”

“वा गं माझ्या वाघिणी!” मागून बशीरचाचा बोलले. आरडाओरडा ऐकून ते बाजेवरून उठून आले होते. “आवं जयपालदादा, मी रात्री एकटाच चिखलात उभा, आन् तुमचा ऊस तर हिरवागार! मला कोडंच पडलं होतं की ह्यो माणूस पाणी देतो कवा! आता तुमाला पण जागवतो. एक दिवसाआड!”

अप्पा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. पेटीच्या वायरी त्यांनी मेन स्विच बंद करून तिथंच सोडवायला घेतल्या. “मोटर पण जळून जायची हो एक दिवस असल्या पेटीनं,” असं चाचांनी वर ऐकवलं. विश्वजीत रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. जाताना त्यानं भरतेशला विचारलं म्हणे, की ते नाण्याचं नक्की कसं करायचं!

शुक्रवारी झोया कोन घेऊन कऱ्हाडला गेली. शनिवारी दुपारपर्यंत तिचा निरोप नव्हता. दीपालीच्या जिवाची घालमेल चालली होती. शेवटी अल्फिया धावत आली आणि तिच्यामागून स्वतः झोया! ती हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरीच्या सासूनं धाकट्या लेकीच्या लग्नाचं कामही तिलाच सांगितलं होतं.

“कुठं हायत माझे इंजिनीअर?” तिनं तिघांना जवळ घेतलं. आईनं सगळ्यांना गार ताक दिलं, खरोखर गार. “ह्या पोरांनी फ्रीज वाचवला, मोटर वाचवली आन् आमची झोपपण वाचवली,” ती झोयाला म्हणाली. “मी उगीच दाराच्या नावानं ओरडत होते.” दीपालीनं ताकाचा पेला तोंडाला लावला, म्हणजे हसू दिसायला नको.

अप्पा ओसरीवर गाढ झोपले होते. काल रात्री दोन्ही मळ्यांची पाळी त्यांची होती. आज चाचांची. उजवा हात बाजेबाहेर लोंबत होता, तळवा उघडा, खोऱ्यानं घट्टे पडलेला.

झोयाकडं एक कोन उरला होता. चौघींनी... म्हणजे तिघींनी आणि एका भरतेशनं एकमेकांकडं बघितलं.

मांजराच्या पावलांनी ते बाजेपाशी गेले. झोयानं त्या तळव्यावर एक छोटासा फ्रीज काढला. दार बंद, वर एक गोल नाणं. अप्पा हललेसुद्धा नाहीत.

दिवस कलला, आईनं जेवायला हाक मारली, तेव्हा ते उठले. वाळलेली मेंदी झडून गेली होती. हात धुतल्यावर त्यांनी तळवा उजेडात धरला आणि बघतच राहिले. घट्ट्यांच्या मधोमध फ्रीज नुसता भडक नारिंगी होता. रात्री झोपेतच तो काळपट तपकिरी होत गेला. रविवारी सकाळी अप्पांनी उठल्या उठल्या सगळ्यात आधी दीपालीला शोधून काढलं.

“चढला बघ रंग,” ते म्हणाले आणि मेंदीचा हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.